चाळ पाडली आणि यादीतून नावही गेलं: वगळलेलं नाव परत कसं आणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लालबागची चाळ पुनर्विकासासाठी पाडली आणि दोन वर्षांपासून कुटुंब डोंबिवलीत राहतं. भाडं विकासक देतो. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या मतदानासाठी सगळे लालबागला आलात. तुमचं नाव सापडलं, आई-वडिलांचं सापडलं नाही. दोघांच्या हातात मतदार ओळखपत्रं असूनही केंद्रावरून परत पाठवलं. काकांचं नाव मात्र लालबागलाही आहे आणि संगमेश्वरला गावीही. आई-वडिलांचा हक्क कोणी काढून घेतला, तो परत कसा मिळेल आणि त्यासाठी वकील करावा लागेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्यांदा हे समजून घ्या की आई-वडिलांचा मतदानाचा हक्क कायद्याने कुठेही संपलेला नाही. तो संपण्याची कारणं मोजकी आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १६ नुसार भारताचा नागरिक नसलेली, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली किंवा निवडणुकीतल्या भ्रष्ट आचरणामुळे मतदानास अपात्र ठरलेली व्यक्ती यादीत राहू शकत नाही. १९५१ च्या अधिनियमातलं कलम ६२(५) तुरुंगातल्या किंवा पोलीस कोठडीतल्या माणसाला मत देऊ देत नाही. आर्थर रोडला खटल्याची वाट पाहत बसलेला कच्चा कैदीही त्यात येतो. पण त्याचंही नाव यादीतून काढता येत नाही, आणि जामिनावर बाहेर असलेला माणूस मत देऊ शकतो. तुमच्या घरात यातलं काहीच लागू नाही. मुंबईत मत बुडतं ते बहुतेक वेळा पत्त्यामुळे. आणि ते बुडतं मतदानाच्या कितीतरी महिने आधी, एका कागदावर. तो कागद म्हणजे मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा नाव वगळण्याचा आदेश. आदेशाला तारीख असते, कारण असतं, सही असते आणि त्यावर अपील असतं. म्हणून "नाव गायब झालं" असं म्हणत बसू नका. कोणत्या आदेशाने वगळलं ते विचारा.

पण तिथे जाण्याआधी नाव खरोखर वगळलंय का, ते तपासा. केंद्रावर "नाव नाही" असं म्हणतात तेव्हा त्याचे निदान चार अर्थ असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार प्रभाग विभागणीचा. महापालिकेची यादी राज्य निवडणूक आयोग स्वतः तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी घेतात आणि ती प्रभागांत विभागतात. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत. या विभागणीत इमारतच्या इमारत शेजारच्या प्रभागात जाते, कधी एकाच घरातली माणसं दोन प्रभागांत जातात. म्हणून आधी भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. आई-वडिलांकडे एमटी अक्षरांनी सुरू होणारा जुना लांबलचक क्रमांक असेल तर शोध फसू शकतो. आता क्रमांक तीन अक्षरं आणि सात अंक असा असतो. तेव्हा नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि मतदारसंघ टाकून पुन्हा शोधा. लालबाग शिवडी विधानसभा मतदारसंघात येतं, क्रमांक १८३. आडनाव आणि नाव दोन-तीन वेगळ्या वर्णलेखनांत टाकून पाहा, मराठीतून आणि इंग्रजीतूनही. शोधात काहीच आलं नाही तर तुमचं स्वतःचं नाव ज्या यादीभागात आहे, त्या भागाची आख्खी यादी उतरवून घ्या आणि पान न् पान चाळा. वैतागवाणं काम आहे, पण पक्कं उत्तर त्यातूनच मिळतं. विधानसभेच्या यादीत नाव आहे आणि महापालिकेच्या यादीत नाही, असं निघालं तर प्रश्न प्रभाग विभागणीचा आहे. त्यासाठी पुन्हा नोंदणी करू नका.

दुसरा प्रकार फार कमी लोकांना ठाऊक असतो. मतदानाआधी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरोघर जाऊन गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी करतो. ती केंद्राध्यक्षाकडे असते. या यादीत नाव असणं म्हणजे नाव वगळलेलं असणं नव्हे. मूळ यादीत नाव कायम असेल तर ओळख पटवून, घोषणापत्रावर सही करून आणि नोंदवहीत सहीबरोबर अंगठ्याचा ठसा देऊन त्या माणसाला मत देता येतं. पाडलेल्या चाळीतले रहिवासी या यादीत हमखास असतात. "तुमच्या नावापुढे स्थलांतरित लिहिलंय" एवढंच ऐकून कित्येक जण परत जातात आणि हातातलं मत जातं. अशा वेळी शांतपणे म्हणा, "मूळ यादीत नाव आहे का ते दाखवा. असेल तर घोषणापत्र भरून घ्या."

तिसरा प्रकार म्हणजे तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेलेला असतो. तेव्हा प्रदत्त मत मागायचं, बोलीत ज्याला टेंडर व्होट म्हणतात. निवडणूक संचालन नियमांतला नियम ४९-पी तो अधिकार देतो. हे मत यंत्रावर होत नाही, छापील मतपत्रिकेवर होतं आणि वेगळ्या लिफाफ्यात जातं. ते साध्या मोजणीत धरत नाहीत. तरी मागाच, कारण तोतयेगिरीची नोंद त्यानेच होते आणि फरक थोडक्या मतांचा असेल तर निवडणूक याचिकेत ती कामी येते.

चौथा प्रकार खरोखर वगळणीचा. तुमच्याकडे बहुधा हाच आहे. इथे ओळखपत्र उपयोगाचं नाही, कारण कार्ड फक्त ओळख पटवतं. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, बँकेचं किंवा टपाल खात्याचं छायाचित्र असलेलं पासबुक अशा ठरवून दिलेल्या पर्यायी कागदांवर मत देता येतं.

आता नाव केव्हा गेलं ते शोधू. महापालिकेच्या या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभा यादी वापरली होती. त्यानंतर वगळलेलं नावसुद्धा महापालिकेच्या यादीत दिसलं असतं. म्हणजे आई-वडिलांची नावं त्या तारखेपूर्वीच गेली होती. दोघांनी २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी मत दिलं होतं का, ते त्यांना विचारा. दिलं असेल तर वगळण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५ या सात-आठ महिन्यांतला आहे. दिलं नसेल किंवा तेव्हाही नाव सापडलं नसेल तर मागे जा. २० मे २०२४ ला लोकसभेसाठी दिलं होतं का? विधानसभेआधी १ जुलै २०२४ या अर्हता दिनांकावर, म्हणजे मतदाराचं वय ज्या तारखेला मोजतात त्या तारखेवर, याद्यांचं खास पुनरीक्षण (फेरतपासणी) झालं होतं. त्यातच नाव गेलं असणं अगदी शक्य आहे. काळ असा आवळत आणला की कार्यालयातल्या माणसाला फाईल शोधता येते. नुसतं "कधीतरी गेलं" म्हटलं तर कोणी कपाट उघडत नाही.

हे घडतं कसं तेही सांगतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. बीएलओ यादीभाग घेऊन चाळीच्या पत्त्यावर जातो. तिथे पत्रे ठोकलेले असतात आणि आत खोदकाम चाललेलं असतं. तो 'स्थलांतरित' असा शेरा मारतो, कधी दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा करतो. त्या अहवालावर मतदार नोंदणी अधिकारी वगळण्याची कारवाई सुरू करतो. किंवा मतदारसंघातला दुसरा एखादा मतदार नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरून हरकत घेतो. दोन्ही वाटांनी नोटीस निघायला हवी. ती निघते, आणि जाते लालबागच्या पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर! पाकीट परत येतं, मुदत संपते, सुनावणीला कोणी आलं नाही असं फाईलवर लिहितात आणि आदेश होतो. माणूस पत्त्यावर राहत नाही म्हणून नाव काढायचं, आणि नोटीस त्याच पत्त्यावर पाठवायची. मुंबईतल्या पुनर्विकासात, संक्रमण शिबिरांत आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पांत हजारो माणसांचं मत या एका फटीतून गळतं. बीएलओ बहुधा शाळेतले शिक्षक किंवा पालिकेचे कर्मचारी असतात. आपली नोकरी सांभाळून ते हे काम करतात. त्यांच्यावर राग काढून हाती काही लागत नाही. पण नोटीस खऱ्या अर्थाने पोहोचली नसताना आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारायलाच हवा.

आणि तो विचारता येतो. १९५० च्या अधिनियमाचं कलम २२ म्हणतं की माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी उरला नाही या कारणावरून नाव काढायचं असेल, तर त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. ही सक्ती मृत्यूच्या कारणाला लागू नाही. म्हणून जिवंत माणसाला चुकून 'मयत' दाखवलं तर नोटिशीविनाच नाव जातं. तुमच्या आई-वडिलांबाबत कोणतं कारण लावलंय, ते आधी पाहा. पुरवणी यादीत वगळलेल्या नावांपुढे इंग्रजी अक्षर छापतात: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र.

सर्वोच्च न्यायालयाचा यावरचा सर्वांत उपयोगाचा निकाल १९९५ चा आहे, लाल बाबू हुसेन विरुद्ध मतदार नोंदणी अधिकारी. त्यातला एक भाग आपल्या मुंबईचाच होता. इथल्या मतदारांना नोटिसा देऊन ठरावीक चारच प्रकारचे नागरिकत्वाचे पुरावे मागितले होते. न्यायालयाने सांगितलं की आधीच्या यादीत नाव असेल तर ते रीतसर चौकशी करूनच घातलं होतं असं धरून चालायचं. ते काढायचं तर संशयाचं कारण माणसाला कळवायचं, त्याने दिलेला कोणताही योग्य पुरावा पाहायचा आणि स्वतः विचार करून निर्णय द्यायचा. पोलिसांच्या अहवालावर नुसती मान डोलावायची नाही. त्या वादात मुद्दा नागरिकत्वाचा होता आणि तुमच्याकडे निवासाचा आहे. तरी "जुन्या नोंदीला वजन आहे आणि काढणाऱ्याने कारण दाखवायचं" हा विचार तुमच्या अर्जात मांडता येतो. बिहारमध्ये २०२५ साली विशेष सखोल पुनरीक्षणाच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसकट जाहीर करायला लावली. कारण जाहीर झालं की माणसाला भांडायला जमीन मिळते.

आता काय करायचं ते क्रमाने.

आधी कागद मागा. मतदार नोंदणी नियम १९६० मधला नियम ३३ यादीशी जोडलेले कागद पाहण्याचा आणि फी भरून साक्षांकित प्रती घेण्याचा अधिकार देतो. शिवडीच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात आई-वडिलांची नावं, ओळखपत्र क्रमांक, शेवटी ठाऊक असलेला यादीभाग आणि अनुक्रमांक, आणि वर काढलेला काळ लिहा. मागायचे कागद असे: नमुना ७ किंवा बीएलओचा अहवाल, पंचनामा असल्यास तो, नोटीस, ती बजावल्याचा किंवा परत आल्याचा पुरावा, सुनावणीची नोंद आणि अंतिम आदेश. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. ती मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. टाळाटाळ झाली तर हेच कागद माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कार्यालयाचा पत्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आहे, १९५० वर फोन करूनही कळतो.

फाईलमध्ये नमुना ७ निघाला तर त्यावर हरकतदाराचं नाव असतं. तो त्या मतदारसंघाचा मतदार आहे का आणि त्याने एकट्याने किती जणांविरुद्ध असे अर्ज टाकलेत, ते पाहा. कर्नाटकात आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी वगळणीचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते आणि तपासणीत त्यातले २४ च खरे निघाले. ते वेळीच पकडले म्हणून तिथली नावं वाचली. खोटी घोषणा करून हरकत घेणाऱ्याला १९५० च्याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ३२ आहे. हे कलम रागाच्या भरात पहिल्याच अर्जात घालू नका. फाईल पाहिल्याशिवाय कसूर होती की नुसती गैरसमजूत, हे कळत नाही. आणि धमकीचा अर्ज आला की कार्यालय मदत सोडून बचावाला लागतं.

कागद येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. वगळणीच्या आदेशावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि मुदत आदेशापासून १५ दिवस. तुमची ती केव्हाच उलटून गेली असणार. उशीर माफ करा असं मागता येईल. त्यासाठी आदेश कोणत्या तारखेला आणि कसा कळला ते अपिलाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि परत आलेल्या पाकिटाची प्रत जोडा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. माझ्या मते पक्की वाट म्हणजे दोघांचे नवे नमुना ६ भरणं. मंजूर झाले तर मत परत मिळालं. नामंजूर झाले तर तो कलम २३ खालचा नवा, ताज्या तारखेचा आदेश असतो. त्यावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील आणि तिथे हरलात तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील बिनतक्रार करता येतं. नमुना ६ हा नवमतदारांचा अर्ज म्हणून ओळखला जातो, त्यामुळे लोक जुनी नोंद लपवतात. लपवू नका. सोबत एक पानाचं निवेदन जोडा: नाव अमुक यादीभागात होतं, नोटीस न मिळता वगळलं गेलं, जुन्या ओळखपत्राची प्रत जोडली आहे.

खरा पेच पुढे आहे. अर्ज कोणत्या पत्त्यावर करायचा? याचं सरळ उत्तर नाही. यादीत नाव लागतं ते 'सर्वसाधारण निवास' जिथे असेल तिथे. कलम २० म्हणतं की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं असणं एवढ्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. पण तेच कलम २०(१-ए) मध्ये म्हणतं की तात्पुरता बाहेर असलेला माणूस केवळ त्या गैरहजेरीमुळे रहिवासी असणं थांबत नाही. पुनर्विकासातली माणसं नेमकी या दोन वाक्यांच्या मध्ये अडकतात.

तुमच्याकडे पर्यायी कायमच्या घराचा नोंदणीकृत करार असेल, भाडं विकासकाकडून नियमित येत असेल आणि बांधकाम खरोखर वर चढत असेल, तर गैरहजेरी तात्पुरती आहे हे मांडायला भक्कम आधार आहे. मी लालबागचाच पत्ता धरेन. मात्र बीएलओ पडताळणीला जाईल तेव्हा त्याला पुन्हा पत्रेच दिसणार, म्हणून कागद आधीच द्या: कराराची पहिली पानं आणि घराचा क्रमांक असलेलं पान, भाडं जमा झाल्याच्या पासबुकातल्या नोंदी, चाळीच्या काळातलं वीज देयक आणि शिधापत्रिका, गृहनिर्माण संस्थेचं किंवा चाळ कमिटीचं पत्र. निवेदनात कलम २०(१-ए) नावानिशी लिहा आणि सध्याचा डोंबिवलीचा पत्ता आणि मोबाइल ठळक अक्षरांत द्या, म्हणजे पुढची नोटीस तिथे येईल.

प्रकल्प रखडला असेल, भाडं बंद झालं असेल आणि चार-पाच वर्षं परतण्याची चिन्हं नसतील, तर मात्र सरळ डोंबिवलीत नाव घाला. तिथे विधानसभेचा आमदार वेगळा आणि महापालिकाही कल्याण-डोंबिवलीची, हे खरं. पण रोजचं पाणी, रस्ता आणि दवाखाना जिथला, तिथलं मत तुमच्या हातात असणं वाया जात नाही. तिथे नोंदणीकृत भाडेकरार, त्या पत्त्याचं आधार किंवा बँकेचं पासबुक यातलं एक पुरतं. परत आल्यावर नमुना ८ भरून नाव लालबागला आणता येतं. पूर्वी त्याच मतदारसंघातल्या घरबदलासाठी नमुना ८-अ असायचा. ऑगस्ट २०२२ पासून पत्ताबदल, दुरुस्ती आणि नवं कार्ड सगळं नमुना ८ मध्येच आहे.

तुमच्या स्वतःच्या नावाचं काय, तेही बघा. एकच दार, एकच स्थलांतर, आणि दोघांचं नाव गेलं, एकाचं राहिलं. आई-वडिलांच्या अपिलात हा मुद्दा जोरात मांडा. पूर्ण घराची चौकशी झालीच नाही, हे त्यातून उघड होतं. पण पुढच्या फेरीत तुमचंही नाव त्याच कारणाने जाऊ शकतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच पत्ता ठरवा आणि आजच नमुना ८ ने मोबाइल क्रमांक नोंदीला जोडा.

काकांचं प्रकरण वेगळं आहे आणि जास्त नाजूक. गिरणगावातल्या घराघरांत हे आढळतं. गावी शिमगा-गणपतीला जाणं-येणं असतं, सरपंचाच्या निवडणुकीत भावकीला मत हवं असतं, म्हणून नाव दोन्हीकडे ठेवतात. कलम १७ नुसार एका माणसाचं नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता येत नाही. नाव दुसरीकडे नाही अशी घोषणा करून अर्ज केला असेल तर तोच कलम ३१ चा गुन्हा ठरू शकतो. यातला व्यवहारातला धोका लोकांच्या लक्षात येत नाही. सारखी नावं आणि सारखी छायाचित्रं संगणक शोधून काढतो, चौकशी निघते, आणि काका कुठेच सापडले नाहीत तर दोन्हींपैकी कोणतं नाव राहील हे त्यांच्या हातात उरत नाही. महापालिकेच्या यादीत अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. आधी कुठे मत देणार हे न कळवलेल्यांकडून केंद्रावर हमीपत्र घेण्याची व्यवस्था होती. काकांनी स्वतः ठरवावं, आणि जिथलं नाव नको तिथे स्वतःच नमुना ७ भरून ते काढून घ्यावं. मग पाहिजे ती नोंद त्यांच्या मर्जीने राहते. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत उलटा घोळ होतो. माहेरचं नाव "लग्न होऊन गेली" म्हणून शेजारी सांगतात आणि ते निघतं, सासरी कोणी अर्ज भरत नाही. घरात कोणाचं असं झालंय का, तेही विचारा.

वेळेबद्दल सावध करतो. विधानसभा आणि लोकसभेसाठी अर्ज घेणं वर्षभर चालू असतं. पण कलम २३(३) नुसार उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निकाल लागेपर्यंत यादीत एकही नाव घालता किंवा काढता येत नाही. अर्जावर हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचला पाहिजे. महापालिकेसाठी तर दार फार आधी बंद होतं. मतदान १५ जानेवारी २०२६ चं आणि यादी १ जुलै २०२५ ची, म्हणजे साडेसहा महिने आधीची. म्हणून मतदानाचा दिवस जाहीर झाल्यावर केलेली तक्रार मतासाठी निरुपयोगी असते. २०१४ च्या लोकसभेत मुंबई-पुण्यात असंख्य मतदारांची नावं सापडली नाहीत, तेव्हा निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. पण ज्यांची नावं नव्हती त्यांना त्या निवडणुकीत मत मिळालं नाही. पुनरीक्षणाचा कार्यक्रम लागतो तेव्हा प्रारूप यादी येताच नाव तपासा आणि हरकतींच्या मुदतीत दावा टाका. त्या काळात सुनावणीची संधी मिळूनही गेला नाहीत तर नंतर अपीलही मिळत नाही, हे नियमातच आहे. आई-वडिलांना चालवत नसेल तर त्यांच्या सहीचं पत्र घेऊन तुम्ही जा, पण गैरहजेरी लागू देऊ नका.

तुमच्या चाळीतल्या बाकी कुटुंबांचंही हेच झालेलं असणार. कमिटीने एकत्र बसून तक्ता करावा: जुना खोली क्रमांक, प्रत्येक मतदाराचं नाव, ओळखपत्र क्रमांक, सध्याचा पत्ता, मोबाइल, आणि नाव आज यादीत आहे की नाही. विकासकाच्या कराराची प्रत जोडून तो मतदार नोंदणी अधिकाऱ्याला आणि बीएलओला द्या. हे नोंदणीचे अर्ज नव्हेत, ते प्रत्येकाने स्वतंत्रच भरायचे. पण "या पत्त्यावरची माणसं तात्पुरती बाहेर आहेत, नोटीस या पत्त्यांवर द्या" अशी लेखी सूचना फाईलला लागली की न विचारता वगळणं अवघड होतं. ज्यांच्या चाळी अजून उभ्या आहेत त्यांनी खोली रिकामी करण्याच्या आठवड्यातच हा तक्ता द्यावा. नोंदणी कार्यालयात नमुना ९, १०, ११ अशा याद्या लागतात. त्यातल्या नमुना १० मध्ये ज्यांच्याविरुद्ध हरकत आलीय त्यांची नावं असतात. कमिटीतल्या एकाने महिन्यातून एकदा ती यादी पाहिली तरी आदेश होण्याआधी कळतं.

कागदच नसलेल्यांबद्दलही तुम्ही जाता जाता विचारलं होतं, तुमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी पदपथावर राहणारं कुटुंब. त्यांचाही हक्क तेवढाच आहे. बेघर माणसाला निवासाचा कागद द्यावा लागत नाही. अर्जात लिहिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे पाहायला बीएलओने रात्री जायचं असतं, एकाहून अधिक वेळा. त्यांना नमुना ६ भरून द्यायला कोणीतरी हवं असतं, एवढीच अडचण असते.

वकिलाबद्दल. मतदार नोंदणी अधिकाऱ्यापुढे आणि दोन्ही अपिलांत वकील लागत नाही. साधं, तारखांसकट लिहिलेलं निवेदन आणि क्रमांक घातलेले कागद पुरेसे असतात. नाव वगळणं बरोबर होतं की चूक, यावर दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही, कलम ३० ने ती वाट बंद केली आहे. दोन्ही अपिलं संपल्यावर, किंवा एकाच पत्त्यावरची शेकडो नावं नोटिशीविना गेल्याचं फाईलवरून सिद्ध होत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. तिथे वकील लागेल. तोही पहिल्यांदा वगळणीचा आदेश आणि नोटीस बजावल्याचा पुरावाच मागेल. म्हणून प्रतींचा अर्ज या आठवड्यात द्या.